मोडलेला खुबा आणि तालुक्याचे रुग्णालय

म्हातारे माणूस घरात पडते ते बहुधा उंचावरून पडत नाही. पहाटे न्हाणीकडे जाताना ओल्या फरशीवरून पाय सरकतो, उंबरठ्याला ठेच लागते, लुगड्याचा काठ पायात अडकतो, किंवा खाटेवरून एकदम उठल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी येते. तरुण माणूस अशा पडण्यावर हसून उठला असता. पंचाहत्तरीच्या बाईला मात्र उठता येत नाही. पाय हलवू म्हटले तर कळ मस्तकापर्यंत जाते. आणि जवळ आलेल्या माणसाला दिसते की एक पाय दुसऱ्याहून आखूड झाला आहे व त्याचे पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडले आहे. ही दोन लक्षणे एकत्र दिसली म्हणजे खुबा मोडला असे धरून चालण्यास हरकत नाही. कधी कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात. मग पाय आखूडही होत नाही आणि रुग्ण लंगडत चार पावले टाकतोही. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखते असे म्हाताऱ्या माणसाने सांगितले, तर 'मुका मार आहे, शेकले की बरे होईल' असे म्हणून त्याला घरी ठेवू नये.

श्रोतेहो, मी वैद्य नव्हे. शासकीय सेवेतला माणूस आहे. जिल्ह्याच्या कारभारात रुग्णालयांच्या आढावा बैठकांना बसण्याचा प्रसंग येतो. तेथे प्रसूतींचा आकडा विचारला जातो, लसीकरणाचा विचारला जातो, क्षयाचा आणि हिवतापाचा विचारला जातो. मोडलेल्या खुब्यांसाठी मात्र त्या तक्त्यात रकाना नसतो. ज्याला रकाना नाही त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, हा कारभाराचा जुना नियम आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर भरली होती, आणि त्यांतले बहुसंख्य खेड्यांत राहत होते. तेव्हा हा विषय अस्थिरोगतज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे व्हावे, अशा स्वरूपाचा तो उरलेला नाही. मला जे समजून घ्यावे लागले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हाडाची रचना. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब व सर्वांत बळकट हाड होय. त्याच्या वरच्या टोकाला एक गुळगुळीत गोळा असतो, तो कंबरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. गोळा व खालचा दांडा यांना जोडणारा जो तिरपा, निमुळता भाग, त्याला मान म्हणतात. आणि मान जेथे दांड्याला मिळते तेथे हाताला लागणारा उंचवटा असतो. वार्धक्यात, विशेषतः स्त्रियांत पाळी गेल्यानंतर, हाडातील चुन्याचा अंश व त्याची आतली जाळी विरळ होत जाते. वाळवीने पोखरलेला वासा बाहेरून जसा धड दिसतो, तशी ही मान धड दिसते आणि बसक्या उंचीवरून पडले तरी मोडते.

आता मोड मानेत आहे की तिच्याखाली उंचवट्याजवळ आहे, यावर सारे अवलंबून असते. गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या मुख्य वाहिन्या मानेवरूनच खालून वर चढतात. डोंगरमाथ्यावरच्या वाडीला जावयास जशी एकच पायवाट असावी आणि दरड कोसळून ती तुटली की वाडीचे दाणापाणी बंद व्हावे, तसे मान मोडून सरकली म्हणजे गोळ्याचे होते. मोडलेली टोके अशा वेळी बहुधा सांधत नाहीत, आणि सांधली तरी उपाशी राहिलेला गोळा पुढे मरून ढासळू शकतो. उंचवट्याजवळच्या मोडीचे उलट आहे. तेथे रक्त मुबलक असते, हाड सांधण्याची शक्यता चांगली असते. पण त्याला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि स्नायूंच्या ओढीने ते आखूड व वाकडे सांधते. लंडनचे शल्यवैद्य सर ॲस्ली कूपर यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोन मोडींतला भेद स्पष्ट करून सांगितला, आणि उपचाराची निवड आजही त्याच भेदावर होते.

आपल्याकडे सुश्रुताने म्हाताऱ्या माणसाची मोड आणि सांध्याजवळची मोड या दोहोंची गणना कष्टसाध्य विकारांत केली आहे. मांडी व पोटरीच्या मोडीसाठी त्याने कपाटशयन सांगितले. म्हणजे रुग्णाला फळीवर निजवून, फळीत पाच खुंट्या ठोकून, पाय हलणार नाही अशा बेताने बांधून ठेवणे. मोडलेले हाड स्थिर राहिले पाहिजे हे तत्त्व त्यात पुरेपूर आहे. पुढे साहेबाच्या दवाखान्यांतून पायाला चिकटपट्टी लावून, कप्पीवरून दोरी सोडून, तिला वजन बांधण्याची रीत आली. आणि वजने नसत तेथे विटा आल्या. अनेक छोट्या रुग्णालयांत पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या कक्षाच्या कोपऱ्यात विटा लोंबणारी खाट अजूनही पाहावयास मिळते.

तरुण माणूस तीन महिने असा पडून राहिला तर कंटाळतो, वाळतो आणि अखेर उठतो. म्हाताऱ्या माणसाचे गणित निराळे आहे. उताणे पडून राहिल्याने फुफ्फुसांच्या तळाशी कफ साचतो व न्यूमोनिया होतो. पोटरीच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, आणि त्यांतली एखादी सुटून फुफ्फुसात गेली तर क्षणार्धात घात होतो. माकडहाडावर व टाचांवर जखमा पडतात, त्या चिघळतात. लघवी तुंबते. अन्नावरची वासना उडते, आणि म्हाताऱ्या शरीरातले आधीच थोडे उरलेले मांस झपाट्याने झडते. 'अंथरुणाला खिळणे' हा शब्दप्रयोग आपण सहज वापरतो; पण खिळा ठोकणारी असते ती अंथरुणाची सक्ती. निरनिराळ्या देशांतील पाहण्या असे सांगतात की खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी शेकडा वीस ते तीस वर्षाच्या आत मरण पावतात. यांतले सगळेच मृत्यू त्या मोडीमुळे होतात असे नव्हे. मुळात थकलेली माणसेच अधिक पडतात. तरीही अंथरुणाचा वाटा मोठा आहे, आणि तोच आपल्या हाती असलेला वाटा आहे.

म्हणून गेल्या शतकात शल्यवैद्यांनी शोध केला तो रुग्णाला लवकर उठवता येईल अशा साधनांचा. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन धारांचा पोलादी खिळा मानेतून गोळ्यात ठोकण्याची पद्धत १९३१ साली प्रसिद्ध केली. ऑस्टिन मूर व हॅरॉल्ड बोलमन या दोन अमेरिकन वैद्यांनी १९४० साली मांडीच्या हाडाचे वरचे टोक धातूचे करून बसवले. आणि पन्नाशीच्या दशकापासून मूर यांच्या नावाचा धातूचा गोळा जगभर पसरला. आजचा सर्वसाधारण संकेत असा : मान मोडून सरकली असेल व रुग्ण वृद्ध असेल तर मेलेला गोळा काढून त्या जागी धातूचा बसवतात, रुग्ण चांगला हिंडताफिरता असेल तर वाटीसह सगळा सांधा बदलतात, मान मोडूनही जागच्या जागी असेल तर दोन-तीन स्क्रूंवर भागते, आणि उंचवट्याजवळची मोड सरकत्या स्क्रूने व पट्टीने, किंवा हाडाच्या पोकळीत दांडा घालून आवळतात. या सगळ्यांचा उद्देश एकच, की दुसऱ्या दिवशी रुग्णाने पाय जमिनीला लावावा.

हा उद्देश घरच्या माणसांना नीट सांगितला जात नाही असे माझे निरीक्षण आहे. ओसरीवर बैठक बसते. थोरला म्हणतो, 'या वयात आता कापाकापी कशाला?' धाकटा म्हणतो, 'टेबलावरच काही झाले म्हणजे?' शेजारी कोणाच्या तरी आजोबांचा दाखला देतो. जिचा पाय मोडला तिला मात्र कोणी विचारत नाही; ती माजघरात कण्हत असते. शस्त्रक्रियेत धोका आहे हे खरे आहे, आणि तो कोणी लपवू नये. परंतु त्या बैठकीत शस्त्रक्रियेचा धोका मोजला जातो आणि खाटेचा धोका मोजलाच जात नाही. वय अधिक म्हणून शस्त्रक्रिया नको, हा विचार येथे उलटा पडतो. कारण पडून राहणे ज्याला मुळीच सोसत नाही तो म्हाताराच. जो रुग्ण अन्य रोगाने अखेरच्या दिवसांत आहे त्याची गोष्ट वेगळी. आणि पूर्वीपासूनच अंथरुणात असणाऱ्यालाही कूस बदलताना होणाऱ्या वेदना थांबाव्यात म्हणून कित्येकदा शस्त्रक्रिया हितावह ठरते.

आता ज्या गोष्टीकडे मी कारभारी माणसाच्या नजरेने पाहतो ती सांगतो. ती म्हणजे विलंब. उदाहरणादाखल अशी कल्पना करू. एक म्हातारी मंगळवारी पहाटे पडली. दिवसभर तेल चोळले, संध्याकाळी हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. मुलगा सुरतेला कामाला. त्याला फोन गेला, तो बुधवारी रात्री पोचला. गुरुवारी तालुक्याच्या रुग्णालयात नेले. छायाचित्र काढले, मोड दिसली, एक सुई दिली आणि जिल्ह्याला न्या अशी चिठ्ठी दिली. शुक्रवारी जिल्हा रुग्णालयात खाट मिळाली. हाडांच्या शस्त्रक्रियांचे वार सोमवार व गुरुवार. शनिवारी रक्ततपासणी, रक्त कमी निघाले. रविवार सुट्टीचा. सोमवारी भूलतज्ज्ञाने हृदयाची तपासणी करून आणा म्हटले. ती तपासणी करणारा मंगळवारी येतो. बुधवारी योजनेची मंजुरी आली, पण शिधापत्रिकेवरचे नाव व आधारवरचे नाव जुळेना. गुरुवारी तिची पाळी आली तोच अडलेल्या बाळंतिणीची तातडीची शस्त्रक्रिया निघाली. अखेर पुढल्या सोमवारी काम झाले. तेरा दिवस. या तेरा दिवसांत कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. प्रत्येकाच्या विलंबाला सबळ कारण आहे. फक्त एकूण विलंबाला धनी नाही. तालुक्याच्या दफ्तरात ती 'पाठवली' म्हणून निकालात निघाली, आणि जिल्ह्याच्या दफ्तरात ती शुक्रवारी जन्माला आली.

किती विलंब चालतो, याचाही अभ्यास झाला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय परीक्षणात सतरा देशांतील एकोणसत्तर रुग्णालयांनी भाग घेतला. त्यांत भारतातीलही रुग्णालये होती. सुमारे तीन हजार रुग्णांपैकी निम्म्यांवर निदानानंतर साधारण सहा तासांत आणि निम्म्यांवर साधारण चोवीस तासांत शस्त्रक्रिया झाली. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रम होण्याचे प्रमाण मात्र कमी आढळले, आणि ते लवकर घरी गेले. यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की वेळेला महत्त्व नाही. तेथे तुलना सहा तास व चोवीस तास यांची होती; आपण तेरा दिवसांविषयी बोलत आहोत. दोन दिवसांपलीकडे विलंब गेला की उपद्रव वाढत जातात, हे अनेक पाहण्यांतून पुढे आले आहे. त्या परीक्षणातून आपल्याला मिळतो तो दिलासा असा की, मध्यरात्री धावपळ करून तालुक्यात दिवे लावण्याची गरज नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी शांतपणे, दिवसाउजेडी, तयार माणसांच्या हातून काम झाले तरी पुष्कळ आहे.

धनी नसलेल्या विलंबाला धनी मिळवून देता येतो, याचे एक उदाहरण इंग्लंडातले आहे. हेस्टिंग्ज या गावी मायकेल डेव्हस हे अस्थिशल्यज्ञ आणि बॉबी आयर्विन हे वृद्धांचे वैद्य यांनी एकाच रुग्णाची जबाबदारी दोघांनी मिळून घेण्याची प्रथा पाडली. हाड एकाने पाहावयाचे आणि माणूस दुसऱ्याने. पुष्कळ वर्षांनी, २००७ साली, तेथे खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली : कधी आला, कधी शस्त्रक्रिया झाली, कोणी तपासले, कधी उभा राहिला. २०१० पासून, छत्तीस तासांत शस्त्रक्रिया आणि वृद्धांच्या वैद्याची तपासणी वगैरे अटी पाळल्या तर त्या रुग्णामागे रुग्णालयाला जादा रक्कम मिळू लागली. २००७ साली तीस दिवसांत शंभरांतले सुमारे अकरा रुग्ण दगावत. २०११ साली ते प्रमाण साडेआठांवर आले. हे काही एखाद्या नव्या खिळ्यावर किंवा नव्या औषधावर अवलंबून नव्हते. वही ठेवली, आणि वहीतला तास कोणाचा हे ठरवले. कारकुनी कामाची कुचेष्टा करणाऱ्यांना मी हा दाखला अगत्याने देतो.

आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाने काय करावे? महाराष्ट्रात ज्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात आणि अन्य राज्यांत सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणतात, ते साधारण तीस खाटांचे असते. तेथे शल्यवैद्य, भिषग्वर, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ असावेत अशी मानके आहेत. प्रत्यक्षात यांतल्या कित्येक जागा रिकाम्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. अशा प्रत्येक रुग्णालयात खुब्याची शस्त्रक्रिया झाली पाहिजे असे माझे मत नाही. बसवलेल्या धातूला जंतुदोष झाला तर तो रुग्णाला मोडीहून महाग पडतो. आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृह फलक लावल्याने तयार होत नाही. पन्नास किंवा शंभर खाटांच्या उपजिल्हा रुग्णालयाची गोष्ट वेगळी आहे. तेथे अस्थिरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ असतील तर धातूचा गोळा बसवण्याचे काम कमरेत सुई देऊन, अर्धे अंग बधिर करून, होऊ शकते. त्याला सी-आर्म नावाचे ते महागडे यंत्र, जे शस्त्रक्रिया चालू असता पडद्यावर हाड दाखवते, लागतच असे नाही; स्क्रू व दांडा घालण्याच्या कामाला मात्र ते लागते. मूर यांचा गोळा आज प्रगत देशांत जुना ठरला आहे, सिमेंटने पक्के बसवलेले नवे प्रकार अधिक चांगले मानतात, आणि परवडेल तेथे तेच घ्यावेत. पण हा जुना गोळा भारतात बनतो, स्वस्त आहे, आणि तो बसवता येणारे हात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

शस्त्रक्रिया न करणाऱ्या तीस खाटांच्या रुग्णालयाकडेही फार मोठे काम उरते. किंबहुना रुग्णाचे पुढे काय होणार हे निम्मेअधिक तेथेच ठरते. पहिले काम वेदना थांबवणे. पायाला विटा बांधल्याने वेदना कमी होतात ही समजूत तुलना करून पाहता टिकलेली नाही. पाय उशीवर सुखाने ठेवला तर तेवढेच साधते, आणि चिकटपट्टीने म्हाताऱ्या माणसाची कागदासारखी कातडी सोलून निघते ते टळते. पॅरासिटामॉल नियमाने द्यावे, पोटाला व मूत्रपिंडाला जाचणाऱ्या जोरकस गोळ्या टाळाव्यात. याहून उत्तम उपाय म्हणजे जांघेजवळ सुई देऊन मांडीच्या मज्जातंतू बधिर करणे. ही सुई देण्यास भूलतज्ज्ञच हवा असे नाही. शिकवून तयार केलेला साधा वैद्यकीय अधिकारीही ती देऊ शकतो. त्या एका सुईने कित्येक तास आराम पडतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून रुग्णवाहिकेत होणारा साठ-सत्तर किलोमीटरांचा प्रवास माणसाला सोसतो.

दुसरे काम पाण्याचे. शस्त्रक्रिया होणार म्हणून रुग्णाला सकाळपासून उपाशी ठेवतात. दुपारी ती पुढे ढकलली असे कळते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाळंतिणीला किंवा जवान माणसाला एक दिवसाचा उपवास सोसेल. पंचाहत्तरीच्या देहाला तीन दिवस निर्जळ ठेवणे म्हणजे त्याची मूत्रपिंडे पणाला लावणे होय. स्वच्छ पाणी व पारदर्शक पेय भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालते, असा आजचा संकेत आहे. टाचा गादीवर टेकू न देता पोटरीखाली घडी ठेवून त्या अधांतरी राखणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, लघवीची नळी विनाकारण न घालणे, ही परिचारिकेची कामे आहेत आणि त्यांना यंत्र लागत नाही.

तिसरे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते टेलिफोनचे आहे. चिठ्ठी देऊन रुग्णाला रवाना करण्याऐवजी तालुक्याच्या डॉक्टराने जिल्ह्याच्या अस्थिरोगतज्ज्ञाशी बोलावे, छायाचित्र मोबाइलवर पाठवावे, आणि खाट व शस्त्रक्रियेचा वार दोन्ही मिळवूनच रुग्णवाहिका हलवावी. रक्तगट, रक्ताचे प्रमाण, साखर, मूत्रपिंडाची तपासणी, हृदयाचा आलेख हे सर्व तालुक्यातच उरकावे, आणि जिल्ह्याने ते पुन्हा करू नये. हृदयाची सविस्तर तपासणी क्वचितच खरोखर आवश्यक असते. तिच्यासाठी दिवस घालवणे रुग्णाला सहसा महागात पडते. योजनेचे कागदही येथेच पाहावेत. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण, योजनेत सहभागी असलेल्या राज्यांत, मिळू लागले. पण कार्ड पडण्याआधी काढलेले बरे. आयुष्यभर खुरपणी केलेल्या बाईच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, आणि खुबा मोडलेल्या बाईला उचलून यंत्रापुढे नेता येत नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण परत तालुक्याकडे येतो, आणि येथे एक गैरसमज ठाण मांडून बसलेला असतो : टाके ओले आहेत, उठवू नका. वस्तुतः शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला खाटेच्या कडेला बसवून, आधार देऊन उभे करावयाचे असते. आणि शल्यवैद्याने मनाई केली नसेल तर पायावर पूर्ण भार द्यावयाचा असतो. व्यायामतज्ज्ञ नसेल तर परिचारिका व मुलगा मिळून हे करू शकतात, चार पायांची चौकट अर्थात वॉकर हाताशी असला म्हणजे झाले.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागते, मेलेल्या नवऱ्याला हाका मारते, सलाइनची नळी उपसते. घरचे म्हणतात वात झाला, आणि काहींना ते डोक्यात काही बिघडल्याचे लक्षण वाटते. हा भ्रम बहुतेक वेळा वेदना, तहान, तुंबलेली लघवी, झोपमोड किंवा अनोळखी जागा यांतून उद्भवतो, आणि कारण दूर केले म्हणजे ओसरतो. हातपाय बांधल्याने तो वाढतो. चश्मा डोळ्यांवर, कवळी तोंडात, दिवसा उजेड, आणि उशाशी ओळखीचा आवाज, हा त्यावरचा उपचार. या एका बाबतीत आपला ग्रामीण कक्ष विलायतेहून सरस आहे असे मला वाटते. तेथे भेटीच्या वेळा ठरलेल्या. येथे सून खाटेखाली डबा घेऊन बसलेली असते. तिला 'गर्दी करू नका' म्हणून बाहेर काढण्यापेक्षा, पाणी किती पाजायचे आणि कूस कधी बदलायची हे दोन मिनिटे शिकवले तर एक परिचारिका वाढल्यासारखे होते.

घरी गेल्यावर अडचण येते ती उकिडवे बसण्याची. गोळा बसवलेल्या सांध्यात मांडी पोटाशी दुमडली की तो वाटीतून निसटण्याची भीती असते, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. आणि आपले सारे जीवन जमिनीलगत चालते. जेवण पाटावर, देवपूजा पाटावर, शौचकूप उकिडवे बसण्याचे. परदेशी पुस्तकांतून उतरवून दिलेल्या सूचनापत्रात हे नसते. गावच्या सुताराकडून बसावयाच्या जागी भोक पाडलेली भक्कम खुर्ची करून घ्यावी, ती शौचकूपावर ठेवावी. न्हाणीत भिंतीला लोखंडी कडी बसवावी, फरशीवर गोणपाट अंथरू नये, कारण तेच पायात येते. रात्री न्हाणीच्या वाटेवर एक लहान दिवा जळत ठेवावा. खाटेची उंची गुडघ्याइतकी असावी; बाज सैल असेल तर आवळून घ्यावी.

एक खुबा मोडला त्याचा दुसरा मोडण्याचा संभव इतरांहून बराच अधिक असतो, आणि याच टप्प्यावर आपल्याकडे उपचार संपतो. मोडलेला खुबा दुरुस्त झाला, पण ज्या ठिसूळपणामुळे तो मोडला तो तसाच राहतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात, खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून दिलेल्या रुग्णांत नवी मोड कमी झाली, आणि मृत्यूही शेकडा अठ्ठावीसने कमी आढळले. हे औषध सलाइनमधून पाव तासात जाते, आणि ते देण्यास तीस खाटांचे रुग्णालय पुरेसे आहे. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढावे लागते, आणि मूत्रपिंडे काम देतात ना हे पाहावे लागते. टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. रुग्ण त्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात येतोच. तेव्हाच रक्त तपासावे, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू कराव्यात, चष्म्याचा नंबर पाहावा, चक्कर आणणारे एखादे रक्तदाबाचे किंवा झोपेचे औषध चालू असल्यास त्याचा विचार करावा, आणि सुईची तारीख घरच्या माणसाच्या हाती लिहून द्यावी.